तळव्याखालचा निखारा

१९८४ साली धुळ्यात ऑपरेशन करून माझं निम्म्याहून जास्त जठर काढून टाकलं. आतला व्रण फुटला होता. घरी सोडताना डॉक्टरांनी थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा खायला सांगितलं. तिखट बंद. आणखी काही सांगितलं नाही.

जळगावच्या दैनिकातलं बातम्यांचं काम पुन्हा सुरू केलं. खोलीवर एकटाच राहत असे. एका लग्नात आग्रहाच्या दोन जिलब्या खाल्ल्या आणि तासा-दीड तासाने घामाने भिजून, थरथरत मांडवाच्या खांबाला टेकलो. नवरदेवाच्या मामाने जवळ येऊन माझं तोंड हुंगलं. तेव्हापासून पंगतीला बसणं सोडलं. थंडीत कचेरीतली माणसं शेतावर भरिताला जात. माझ्या पोटाची काळजी म्हणून मला कुणी विचारत नसे. सहाही वेळचं खाणं एकट्याने होई.

१९९०च्या सुमारास जीभ लाल, गुळगुळीत झाली. चालताना पायाखाली कापूस अंथरल्यासारखं वाटे. जिभेचा दोष सगळ्यांनी इथल्या मिरचीला दिला, पायांचा चपलांना. मी चपला बदलल्या.

त्या हिवाळ्यात आमच्या छापखान्यात खिळे जुळवणारा, सोनगीरकडचा एक कंपोझिटर मला भरिताला ओढून घेऊन गेला. खाऊ नका, वास तर घ्या, म्हणाला. कपाशीच्या वाळल्या काड्यांवर वांगी भाजून झाली होती. बडगीत, म्हणजे लांबट लाकडी पात्रात, ती ठेचणं चाललं होतं. पंगतीसाठी सगळ्यांनी चपला बांधावर काढल्या. मीही काढल्या. माझ्यासाठी दहीभात वेगळा आणला होता. तो घेऊन मी राखेजवळ उभा राहिलो. कातडं जळल्याचा वास आधी कंपोझिटरला आला.

"भाऊ, तुमना पाय निखारावर शे."

खाली पाहिलं. डावा पाय होता. उचलला तेव्हाही दुखलं नाही. भाऊंच्या अंगात देव आला की काय, असं कुणीतरी म्हणालं.

जळगावच्या डॉक्टरांनी डोळे मिटायला लावले. टोचलं की सांगा, म्हणाले. मी वाट पाहिली आणि शेवटी विचारलं, "केव्हा टोचणार?"

"टोचून झालं."

रक्त तपासल्यावर त्यांनी समजावलं. बी-बारा जीवनसत्त्व अंगी लागण्यासाठी जो रस लागतो, तो जठरात तयार होतो. तो भाग गेला होता. अंगातला साठा काही वर्षं पुरला आणि संपला. त्यामुळे नसा खराब झाल्या. जिलबीचंही कारण कळलं. गोड एकदम आतड्यात उतरतं, शरीर जादा इन्सुलिन सोडतं आणि रक्तातली साखर कोसळते. पायांना कितपत कळू लागेल, हे आज सांगता येत नाही, म्हणाले.

इंजेक्शनं आधी रोज, मग महिन्याला एक. जीभ सुधारली. भाजलेली जखम उन्हाळ्यात भरली. उजव्या तळव्याला फरशीचा गारवा कळू लागला. पुढच्या थंडीत कंपोझिटरने पुन्हा नेलं. पंगतीत बसून मी अर्धी पुरी आणि दोन घास भरीत खाल्लं, चपला पायात ठेवून. डाव्या तळव्याला अजून काही कळत नाही.