या बुधवारपासून दोन किलो वजा

माधव गेल्याचा फोन हॉस्पिटलमधून आला, तेव्हा मी तांबरमच्या घरी त्याच्यासाठी मऊ भात शिजवत होते. गॅस बंद केला. भात कामाला येणाऱ्या सेल्वीने घरी नेला. अन्न टाकायचं कशाला?

माधव माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा तो दुसरीत होता आणि मी चौथी पास. दोन वर्षं मी त्याचा अभ्यास घेतला, पुढे त्याने माझा. माझ्या नवऱ्याची रेल्वेत बदली झाली म्हणून आम्ही मद्रासला आलो, मागोमाग हाही आला. लग्न त्याने केलं नाही. नवरा गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो.

शेवटची काही वर्षं तो सिरुसेरीच्या एका कंपनीत दुर्बिणींसाठी सॉफ्टवेअर लिहायचा.

"तारे बघतोस होय?"

"नाही गं. दुर्बीण चुकते, वहिनी. तिच्या चुका कुठे आणि कशा मांडून ठेवायच्या, ते मी ठरवतो."

दुर्बिणीने दिलेले आकडे एका तक्त्यात, त्यांना कुणी हात लावायचा नाही. दुरुस्ती वेगळ्या तक्त्यात: किती, कधीपासून, कुणी केली. खराब नोंदसुद्धा पुसायची नाही, नुसती खूण करायची. "उद्या दुरुस्तीच चुकली तर मूळ शाबूत हवं," म्हणायचा. साहेबाला जागा वाचवायला जुने आकडे पुसायचे होते, तेव्हा हा राजीनामा खिशात घालून गेला होता. आकडे राहिले. मला ते पटलं. लोणच्याच्या बरणीवर मीही तारीख लिहिते.

मग आजारपण आलं. वजन पंचेचाळीसच्या खाली गेलं तर औषध थांबवावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. दर बुधवारी तो घरच्या काट्यावर उभा राहायचा आणि वहीत आकडा लिहायचा. एका बुधवारी मी आधीच काट्याचं शून्य जुळवायचं चाक फिरवून ठेवलं. शेहेचाळीस दिसलं. तो खाली उतरला, रिकाम्या काट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"चाक कुणी फिरवलं?"

"मी."

"किती?"

"दोन किलो. डॉक्टरांना सांगू नकोस."

"औषध काय वहीतल्या माधवला देणार आहेत?"

शेहेचाळीस त्याने खोडलं नाही. शेजारी लिहिलं: 'या बुधवारपासून दोन किलो वजा. वहिनी.' मग म्हणाला, "फिरवलंस ते परवायिल्लै, चालतं, पण सांगायचं तरी..."

डॉक्टरांना त्याने चव्वेचाळीस सांगितलं. औषध थांबलं. तीन आठवड्यांनी तो गेला.

मी केलं ते चूक होतं, हे मला चाक फिरवतानाच माहीत होतं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा फिरवीन. तोही पुन्हा तसंच लिहील.

परवा केर काढताना सेल्वीने विचारलं, "अम्मा, काटा सरळ करू?" मी म्हटलं, हात लावू नकोस. आता दर बुधवारी मी त्यावर उभी राहते आणि दिसेल ते वहीत लिहिते. काल साठ दिसलं, साठ लिहिलं. वजा करायचे दोन मागच्या पानावर आहेत, त्याच्या अक्षरात, माझ्या नावावर.