शेऱ्याच्या रकान्यातली रेघ

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, चादरी धुण्याच्या खोलीला लागून, व्यायामाची खोली होती. हाडं जुळून आलेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवणारी बाई तिथे काम करायची. पेशंट तिला पाठीमागे फौजदारीण म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

खुब्याचं हाड मोडलेल्या एक म्हाताऱ्या बाई काठी टेकत आत आल्या, तेव्हा मानेच्या ताठ्यावरूनच फौजदारणीने त्यांना ओळखलं. शाळेतल्या गणिताच्या बाई. बाईंनी मात्र तिला ओळखलं नाही.

चौदाव्या वर्षी तिला गणितात चौतीस मिळाले होते. पास व्हायला पस्तीस लागत. वडील म्हणाले होते, पुढच्या वर्षी जमेल असं बाईंनी प्रगतिपुस्तकात एका ओळीत लिहून दिलं तर शाळा चालू, नाहीतर शिकणं पुरे. ती शिक्षकांच्या खोलीच्या दारात पाऊण तास उभी राहिली. तिची वर्षभराची धडपड बाईंनी डोळ्यांनी पाहिली होती. तरी त्यांनी पट्टी घेतली, शेऱ्याच्या रिकाम्या रकान्यात लाल रेघ ओढली आणि म्हणाल्या, "आकडा बोलतो. त्याच्या शेजारी आपण बोलायचं नसतं."

मग सात वर्षं तिने औषधाच्या बाटल्यांना लेबलं चिकटवली. रात्रशाळा, परीक्षा, व्यायाम शिकवायचं हे शिक्षण, सगळं त्यानंतरचं, बरोबरीच्या मुलींची पोरं शाळेत जाऊ लागली तेव्हाचं.

सहा आठवडे तिने बाईंकडून व्यायाम करून घेतला. कामात तसूभर कसूर केली नाही. सूड उगवायचा तर तोही चोख कामाने, असा तिचा हट्ट होता.

बाई तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहत. मुलगा त्यांना आपल्याकडे न्यायला टपलेलाच होता. मागची खोली, सुनेच्या शिलाई मशीनशेजारी खाट. बाईंच्या नुसतं अंगावर यायचं ते. शेवटी मुलाने एक कबूल केलं होतं: रुग्णालयाने कागदावर हो म्हटलं, तर राहा एकटी. नियम साधा होता. मोडलेल्या बाजूच्या पायावर, आधार न घेता, दहा सेकंद उभं राहायचं.

शेवटच्या दिवशी मुलगा बाहेर बाकावर बसला होता. बाईंनी काठी भिंतीला लावली आणि धडका पाय उचलला. फौजदारणीने घड्याळ धरलं. बाईंची हनुवटी थरथरली, पोटरी थरथरली, आणि हात भिंतीवर गेला.

"नऊ," फौजदारीण म्हणाली आणि कागदावर तो आकडा लिहिला.

बाई खुर्चीत बसल्या. धाप ओसरल्यावर कागदाकडे बघत म्हणाल्या, "पहिल्या आठवड्यात मी दोनलाच कोसळत होते. पंधरा दिवसांत दहा होतील, असं कालच म्हणालीस ना तू? तेवढं खाली शेऱ्यात लिही. तो वाचेल."

ते अगदी खरं होतं. लिहायला एक ओळ लागली असती. फौजदारणीने लाल पेन काढलं. बाई आल्या त्या पहिल्याच दिवसापासून ते तिच्या कोटाच्या खिशात होतं. तिने शेऱ्याच्या रकान्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली.

"आकडा बोलतो, बाई. त्याच्या शेजारी आपण बोलायचं नसतं."

बाईंनी मान वर केली. तिचं तोंड निरखून पाहिलं.

"चौतीस ना तू?"

नाव आठवलं नव्हतं. आकडा आठवला होता. आता रडतील, आता हात धरतील, म्हणून फौजदारीण थांबली. इतकी वर्षं तिने हे मनात घोळवलं होतं. बाईंनी चष्मा पुसला आणि कागद डोळ्यांजवळ नेला.

"रेघ वाकडी आलीये," त्या म्हणाल्या. "पट्टीने ओढ."

फौजदारणीचे कान तापले, चौदाव्या वर्षी तापले होते तसेच. मग तिने खणातून पट्टी काढली, वाकड्या रेघेवर दुसरी सरळ रेघ ओढली आणि बाईंच्या मुलाला आत बोलावलं.