लंकाबाईच्या बागेतली लुगडी

नामपूरच्या शिवारात, पाटाचं पाणी थकून पोचतं त्या टोकाला लंकाबाईची डाळिंबाची बाग. उन्हाचा चटका फळाला लागू नये म्हणून आमच्याकडं झाडांना जुन्या साड्या पांघरतात. बाकीचे लोक त्या गठ्ठ्यानं विकत आणतात. लंकाबाईची रीत निराळी. गावात बाई वारली, की दहावं-तेरावं उरकल्यावर ती त्या घरी जायची. "तिचं लुगडं द्या, माझ्या झाडाला होईल." मग ते झाड त्या बाईच्या नावाचं. ही शकुबाई, ती मंगलाबाई. बांधाजवळची मोरपंखी साडीतली सविता. लंकाबाईची लेक, बाळंतपणात गेलेली.

यंदा पाण्याच्या पाळ्या आभाळातून ठरल्या. एक लहानसा उपग्रह गावावरून फिरतो, फोटो काढतो. हिरवं दिसेल त्यालाच पाणी. पाणी संस्थेतल्या सोमनाथनं मोबाइलवरचा फोटो पुढं धरला.

"काकू, तुझं रान पडीक दाखवतंय."

"पडीक? बाग आठे शे ना, भो!"

"माले माहीत शे. त्याले वरून नुसत्या साड्या दिसतस."

"मग त्याले सांग, जरा वाकीसन देख!"

सोमनाथ हसला, पण इलाज एकच होता. साड्या उतरवायच्या. नाहीतर पाणी नाही, आणि पाण्यावाचून झाडं मुळासकट जाणार.

लंकाबाईनं एकटीनं साड्या उतरवल्या. प्रत्येकीला आधी विचारून. मोरपंखी पदराला मात्र तिचा हात लागेना; तेवढी एक साडी झाडावरच राहिली.

उपग्रह आला त्या सकाळी वावटळ उठलेली. फोटोत नुसता धुरळा. पुढच्या फेरीपर्यंत थांबणं आलं. पुन्हा झाकावं तर पुन्हा उतरवायला एकटीचं बळ कुठलं? बाग उघडीच राहिली, आणि ऊन तर कुणासाठी थांबत नाही.

दुसऱ्या फेरीला बाग हिरवी दिसली. पाळी मिळाली. पाणी आलं तेव्हा फळं एका अंगानं करपून काळी पडली होती. लंकाबाई ती तोडून बांधावर टाकत होती. सोमनाथ नवा फोटो घेऊन आला. हिरव्यात बांधाकडं एक रिकामा ठिपका.

"हे झाड मेलं का, काकू?"

"कवाच," लंकाबाई म्हणाली. तिनं फावडं उचललं आणि पाण्याला पहिली वाट त्याच झाडाच्या आळ्यात करून दिली.