उंटिणीची पाळी

चैत्रातला पहिला शुक्रवार: आमच्या गावच्या मशिदीच्या विहिरीवर लोखंडी जाळी बसवून कुलूप घातले गेले. जबाबदार: मुतवल्ली, म्हणजे मशिदीची व्यवस्था पाहणारे गृहस्थ. दुसरा शुक्रवार: माझा तक्रारअर्ज नव्याने झालेल्या लातूर जिल्ह्याच्या कचेरीने परत केला, कारण आमच्या गावाचे दप्तर जुन्या जिल्ह्यातून आलेले नव्हते. जबाबदार: आवक-जावक कारकून. तिसरा शुक्रवार: जुन्या जिल्ह्याने कळवले, गाव आता आमच्याकडे नाही. जबाबदार: तिथले साहेब. या तिन्ही शुक्रवारी मी नमाज पढून मुकाट घरी आलो. जबाबदार: मी.

शिरूर अनंतपाळच्या बाजूच्या आमच्या गावात त्या वर्षीच्या दुष्काळात पाणी उरले होते ते या एकाच विहिरीत. मुतवल्लींचे म्हणणे असे, की हे अल्लाहच्या घरचे पाणी. ते वजूसाठी, नमाजाआधी हातपाय धुण्यासाठी राखून ठेवले पाहिजे. मी पेशाने अर्जनवीस, लोकांचे अर्ज लिहून देणारा. कागदावर माझा विश्वास फार.

माझा शेजारी लिंगायत दुकानदार. त्याची गाय गाभण होती आणि पाण्यावाचून बसली ती उठेना. चौथ्या शुक्रवारी सकाळी तो माझ्या ओट्याशी येऊन उभा राहिला.

"भाई, तुमचा अर्ज दोन जिल्हे हिंडून आला. माझ्या गाईला दारापर्यंत चालवंना. उद्या टेंपोत घालून उदगीरच्या बाजारात नेतो."

"थांबा. आज स्मरणपत्र टाकतो."

"ते काय गाईला पाजू?"

मी लेखणी खाली ठेवली.

दर जुम्याला, म्हणजे शुक्रवारी, नमाजानंतर मुतवल्ली कुठल्यातरी पैगंबराचा एखादा किस्सा सांगत, आणि फार सुरेख सांगत. त्या दिवशी मी फर्माईश केली: पैगंबर सालेह अलैहिस्सलाम यांचा किस्सा. ते खुलले. खडकातून निघालेली उंटीण, अल्लाहने लावून दिलेली पाण्याची पाळी, एक दिवस तिचा, एक दिवस लोकांचा. सगळे रंगवून सांगितले. मी उठून उभा राहिलो.

"चचा, उंटीण नमाज पढायची का?"

सफेत, नमाजींच्या रांगेत, हशा पिकला. ते चिडून म्हणाले, "जनावर ते! नमाज कशाला पढेल?"

"तरी तिला पाळी होती?"

"अल्लाहने दिली होती."

"त्या लोकांनी तिचे पाय तोडले. मग त्यांचे काय झाले?"

अल्लाहने ती सारी वस्ती नष्ट केली, हे ठाऊक नसलेला एकही माणूस तिथे नव्हता. मुतवल्लींनी खिशातली चावी चाचपली. मग हळू आवाजात म्हणाले, "अन् वजू कशाने करायचा?"

"तयम्मुम. पाणी पिण्यालाच पुरत नसेल तर शुद्ध मातीवर हात मारून चेहऱ्यावर आणि हातांवर फिरवावा, हे तुम्हीच आम्हाला शिकवलेत. माणसाला सवलत आहे, चचा. गाईला कोणती?"

मागच्या सफेतून एक म्हातारा ओरडला, "चचा, चावी काढा आता! लई झालं!"

चावी निघाली. पहिली बादली मी स्वतः ओढली आणि शेजाऱ्याच्या गाईपुढे नेऊन ठेवली. गाय मान वर न करता प्यायली. दुसरी बादली संपता संपता पुढचे गुडघे टेकून उठली. शेजारी डोळे पुसत म्हणाला, "भाई, हिला आता नमाज पढाय लावता का काय?"

असरच्या, म्हणजे दुपार उतरतानाच्या नमाजाच्या, वेळी सर्वांत आधी मुतवल्लींनीच जमिनीवर तळवे टेकले. पांढऱ्या दाढीला लाल माती लागली, आणि तो माणूस मला त्याआधी कधी इतका देखणा दिसला नव्हता. एका दिवशी गुरे, एका दिवशी घरे, अशी पाळी लागली. मृग निघेपर्यंत विहिरीने तळ दाखवला नाही. गाय व्याली, तिचा खरवस आमच्या घरी आला, आणि मी शुक्राच्या, म्हणजे अल्लाहचे आभार मानणाऱ्या नमाजाच्या, दोन रकाती पढलो. त्याआधी मी शुक्र पुष्कळदा म्हटला होता; केला तो त्या वर्षी.

पुढे मुतवल्ली वारले. आता मशीद कमिटीने विहिरीवर संगमरवरी पाटी लावली आहे: दुष्काळात ही विहीर कमिटीने सर्व गावासाठी खुली ठेवली. जाळीचा उल्लेख नाही, कुलपाचा नाही. चूक कळल्यावर भरल्या मशिदीत चावी काढून देणाऱ्या माणसाचा तर मुळीच नाही. त्याची खरी थोरवी या पाटीने पुसून टाकली. कमिटीच्या अध्यक्षांना माझी तीन पत्रे गेली आहेत. पोच आहे, उत्तर नाही. आता मला लेखी उत्तर नकोच. येत्या जुम्याला, माझ्या शेजाऱ्याच्या मुलाबाळांना बोलावून, अध्यक्षांनी सर्वांसमोर उभे राहून सांगावे: विहिरीला कुलूप होते की नव्हते?