उंबऱ्यात बोलायचं न्हाई

फोन आला तेव्हा मी अंबडकडे एका पेशंटच्या घरी निघाले होते. सुमनताईंचे यजमान दामूभाऊ एवढंच म्हणाले, "सुमन गेली..." रिक्षा थांबवून मी रस्त्याकडेला बसले आणि हमसून हमसून रडले. रिक्षावाल्यानं बिचाऱ्यानं पाण्याची बाटली पुढं केली.

ज्यांचं दुखणं आता बरं होणार नाही, अशांच्या घरी आमची टीम जाते. मी नर्स, वेदना कमी करायचं काम माझं. माणसाशी आणि घरच्यांशी बोलायचं काम समाजसेविका म्हणून सुमनताईंचं. आपल्याकडची रीत ठाऊक आहे ना? आम्ही दिसलो रे दिसलो की घरचे उंबऱ्यातच गाठणार आणि कुजबुजणार, "आजाराचं नाव काढू नका बरं का, हाय खातील." ताई शांतपणे ऐकून घेत, आत जात आणि खाटेशेजारी खालीच बसत. मला दटावत, "उंबऱ्यात बोलायचं न्हाई. पडून असलेल्या माणसाचे कान लई तिखट असतात." मग पेशंटलाच विचारत, "तुम्हाला किती ऐकायचंय?" कुणी म्हणे, समदं सांगा. कुणी म्हणे, पोराला सांगा, मला नको. ताईंना दोन्ही मान्य. एक खडूस आजोबा म्हणाले, "आधी चहा घ्या, मंग बघू." पुढं दर खेपेला नुसता चहाच! मी वैतागले, तर ताई म्हणाल्या, "अगं येडे, हे बी उत्तरच हाय."

आणि मग ताईंनाच आजारानं गाठलं. रिपोर्ट घेऊन त्यांच्या नवीन जालन्यातल्या घरी गेले, तर दामूभाऊंनी दारातच अडवलं. "तुला माझी शपथ, तिला सांगू नको. हाय खाईल." बायकोचं हेच काम जन्मभर पाहिलेला माणूस! तेवढ्यात आतून आवाज आला, "काय कुजबुज करून राह्यले दोघं? आत या की!"

मी खाली बसले. विचारायला तर हवंच होतं, पण धीर होईना... शेवटी म्हटलं, "ताई, तुम्हाला किती ऐकायचंय?"

त्या हसल्या. "समदं. पण आधी ह्यांना माझ्याजवळ बसव."

मी सांगितलं. दामूभाऊ लेकरासारखे रडले, आणि ताई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. पुढचे दिवस दोघांनी एकमेकांपासून काही न लपवता काढले. भांडलेसुद्धा, अगदी मनसोक्त!

परवा त्यांच्याकडे गेले. ताईंची खाट तिथंच होती, चादर नीट घातलेली. दारातूनच मी हलकेच विचारलं, "दामूभाऊ, जेवता ना वेळेवर?"

ते बाजूला सरकले आणि खाटेकडे हात केला.

"आत ये बाई. तिला उंबऱ्यात बोललेलं चालत न्हाई."