ओल्या फरशीचा रिपोर्ट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, वर्तकनगरच्या मैत्रिणींना नाही. एकदा इंग्रजीत लिहून पाहिलं — माझी सगळी शाळा इंग्रजीत झाली — पण इंग्रजीत मी फार चटकन निर्दोष सुटते. का, ते कळेलच तुम्हाला.

डोंबिवलीच्या एमआयडीसीत औषधांच्या बाटल्यांची झाकणं बनतात, तिथे मी पॅकिंगला लागले. खोक्यांवर बॅचचं लेबल लावायचं माझं काम. लाइन मंदाताईंची, आम्ही सगळ्या त्यांच्या हाताखाली. पन्नाशीच्या, ठेंगण्या, आंबिवलीहून यायच्या. मी भिंतीकडे तोंड करून एकटी जेवायचे. पहिल्याच आठवड्यात त्या म्हणाल्या, "अगं ए इंग्लिश मीडियम, डबा उघड की. आत काय रिझल्ट ठेवलायस का?" सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि त्यांच्यात जाऊन बसले.

चूक झाली की ताई ओरडत नसत. दुसऱ्या दिवशी त्या बाईला शेजारी उभं करायच्या आणि हात बसेपर्यंत तेच काम करून घ्यायच्या. वर साहेबांना नाव कधीच सांगायच्या नाहीत. शिव्या स्वतः खायच्या. म्हणून तर आम्ही त्यांच्यासाठी मरमर राबायचो. मला त्यांचं हे फार आवडायचं. आवडायचं — की सोयीचं होतं?

एका दुपारी मालाची अख्खी गाडी परत आली. लेबलं चुकली होती. जुन्या बॅचचा रोल मी बदललाच नव्हता. ताईंना कळलं. त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं.

मॅनेजर आला तो खोकी चिकटवायची लोखंडी टेपगन हातात घेऊनच.

"कुणी केलं हे?"

"लाइन माझी आहे साहेब."

"नाव सांग."

"सांगितलं की."

टेपगन त्यांच्या खांद्यात बसली. आम्हाला वाटलं, झालं, संपलं. मग त्याने त्यांचा अंबाडा धरला आणि तोंड टेबलाच्या लोखंडी कडेवर आपटलं. थांबला. परत आपटलं. दुसऱ्या वेळी आवाज वेगळा आला, दात तुटल्याचा. ताई खाली कोसळल्या तेव्हा त्याने पोटात लाथ घातली. मी चार हातांच्या अंतरावर उभी होते. "मी केलं" — एवढंच म्हणायचं होतं. तो थांबला होता ना मध्ये? पुरेसा वेळ होता.

त्याला ढकललं ते कविताने. माझ्या शेजारची कविता, जेमतेम सही करणारी.

ताईंना रिक्षात घालून नेलं. रक्त उडालेली खोकी आम्ही बदलली. माल संध्याकाळच्या आत पुन्हा गेला, बरोबर लेबलं लावून. लेबलं मीच लावली.

मग मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. "तुझं इंग्लिश चांगलं आहे. रिपोर्ट लिही," म्हणाला. एवढंच. काय लिहायचं ते सांगितलं नाही, धमकावलंही नाही. ओली फरशी मला सुचली. ताई घाईत होत्या, पाय घसरला, टेबलाची कड लागली — सुबक वाक्यं, एकही खाडाखोड नाही. लेबलांची चूक ताईंची, तेही लिहिलं.

साक्षीदाराची सही हवी होती. कागद मी कविताकडे नेला.

"काय लिहिलंयस गं?"

"ताईंना लागलं, असं."

तिने सही केली. माझ्यावर अविश्वास कशाला दाखवेल ती?

ताई पोलिसांकडे गेल्या. कारखान्याने तो कागद पुढे केला. बाकीच्या बायकांनी नोकरीच्या भीतीने माना खाली घातल्या. तक्रार तिथेच बारगळली, ताईंची नोकरीही गेली. लेबलं कुणी लावली होती, हे त्यांनी तिथेही सांगितलं नाही.

कागदात काय होतं ते कळल्यावर कविता माझ्याकडे आली. मी म्हटलं, साहेबांनी नंतर कागद बदलला असणार. तिने ते खरं मानलं.

लाइन मला मिळाली. इंग्रजी येतं, म्हणून. बायका कविताशी बोलेनाशा झाल्या. तिने पैसे खाल्ले म्हणायच्या. मी ऐकायचे. एका रविवारी ती आंबिवलीला ताईंकडे गेली. ताईंनी आतून तिचा आवाज ओळखला आणि दार उघडलं नाही. सोमवारी हे मला सांगताना ती हमसून हमसून रडत होती. "ताईंना तू तरी सांग गं," म्हणत होती. "तुझं ऐकतील त्या."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. पाणी दिलं. आणि मशीन रिकामं चाललंय, असं म्हणून तिला कामाला लावलं.