दाजींचा अर्धा चहा

मार्गशीर्षातला पहिला रविवार, सकाळची वेळ. हजर: दाजी, मी आणि घराच्या पुढच्या सोप्यातला वजनकाटा. गैरहजर: माझी थोरली बहीण आक्का. ती वर्षभर पुण्यात मुलाकडे आहे, नातू सांभाळायला.

कुंडल गावातच काय, अख्ख्या सांगली जिल्ह्यात आमच्या दाजींइतक्या निष्ठेनं वजन उतरवणारा आणि तितक्याच निष्ठेनं ते पुन्हा चढवणारा दुसरा माणूस सापडायचा नाही. मुलाचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. मागच्या खेपेला दाजी पहिल्या मजल्यावरच पायरीवर बसले आणि नातवाला खाली आणून दाखवावा लागला. ते त्यांना फार लागलं. परत आले ते थेट सांगलीला माझ्याकडे. मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, गुडघ्यांवरचा भार उतरवा. पोटात जातं त्यापेक्षा जास्त खर्च झालं पाहिजे, म्हणून मोजून खा आणि सपाटीवर चाला. जन्मभर कारखान्याला ऊस घातलेल्या दाजींचा चेहरा उजळला. "म्हंजे आपल्या काट्यावानीच की! भरली ट्रॉली वजा मोकळी ट्रॉली."

त्या दिवसापासून ते जेवायच्या आधी एकदा आणि जेवल्यावर एकदा काट्यावर उभे राहू लागले. फरक जेवढा येईल तेवढा उतरेपर्यंत अंगणात फेऱ्या. घाम आला की काटा उतरायचा आणि दाजी खूश व्हायचे. मग तांब्याभर पाणी पिऊन पुन्हा उभे राहिले की तोंड उतरायचं. लगेच मला फोन. "मेव्हणीबाई, पाण्यात कॅलरी असती व्हय?" नाही म्हटलं तर काट्यावर संशय. शेवटी ज्वारीची मापून आणलेली पिशवी त्यांनी काट्यावर ठेवून बघितली आणि मला कळवलं, "काटा खरा हाय. मीच लबाड."

भाकरी अर्ध्यावर आणली, भातावर पाणी सोडलं, दिवाळीतली करंजी नुसती हातात घेऊन बघितली आणि परत ठेवली. गच्चीच्या जिन्याला त्यांनी 'पुणं' असं नाव दिलं आणि कठडा धरून रोज थोडा थोडा चढू लागले. "आज वळणापातुर गेलो. अर्धं पुणं झालं!" मुलानं मोबाइलमध्ये घालून दिलेलं खाणं-चालणं मोजायचं अ‍ॅपही रोज शाबासकी देत होतं. एवढं सगळं करून वजन मात्र महिनाभर जागचं हललं नाही. उलट जरा वाढलंच.

मला अशा गोष्टी सोडून देववत नाहीत. एका रविवारी मी त्यांच्याबरोबर चालायला गेले. पहिल्याच दारातून दाजींना हाक आली, "आवं आण्णा, अर्धा तर घ्या की!" दाजी चौकटीत टेकले. अर्धा म्हणून जो आला तो काठोकाठ कप, फक्त बशी कोरडी. आमच्याकडे बशीत सांडेपर्यंत ओतला तरच तो पूर्ण. पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्याही घरी तेच. कुठे सोबत खारी, कुठे चिवड्याची मूठ. घरी येऊन दाजींनी अ‍ॅपमध्ये भरलं: सकाळचा चहा, एक. म्हणजे घरी घेतलेला तेवढाच.

"दाजी, आणि बाकीचे?"

"ते अर्धं अर्धं हुतं की गं."

"दोन अर्ध्यांचा एक होतो ना?"

"एका घरात घेतला तर हुतु," दाजी शांतपणे म्हणाले. "येगयेगळ्या घरातलं अर्धं कसं जोडायचं?"

मी त्याच दिवशी रस्ता बदलून दिला. गावातून जायचं नाही, कालव्याच्या कडेनं जायचं. तिथं घर नाही, चूल नाही. उपाय लागू पडला. काटा उतरायला लागला, दाजी जिन्याचं वळण ओलांडून वर गेले आणि मी आक्काला फोनवर माझ्या हुशारीचं वर्णनही केलं. फक्त दाजींचे फोन कमी झाले. पाण्यातल्या कॅलरीबद्दल कुणी विचारेना. शेवटी मीच फोन केला.

"चालताय ना?"

"चालतोय की. काटा लय खुशीत हाय." मग म्हणाले, "सकाळधरनं कुणासंगं बोललोच न्हाई बघ. ह्यो मोबाइल 'शाब्बास' म्हणला तेवढंच."

तेव्हा मला कळलं की दाजी चहासाठी थांबत नव्हते. म्हणून आज मी कालवा रद्द केला, पुन्हा गावातला रस्ता दिला आणि घरोघर सांगायला स्वतः बरोबर निघाले: आण्णांना थांबवा, बसवा, गप्पा मारा, पण चहा बिनसाखरेचा आणि अर्धा म्हणजे कपाच्या निम्म्यालाच. सगळ्यांनी मान्य केलं. एका काकूंनी तर टोमणा मारला, "मग आमचा साखरंचा डबा कशानं मोकळा हुतोय, ते आत्ता कळलं!" दाजी पोट हलवत हसले.

शेवटचं घर एका म्हाताऱ्या मावशींचं. त्याही एकट्याच. आम्ही दिसताच भिंतीला धरून उठल्या, गॅस पेटवला, गुळाचा खडा फोडून पातेल्यात टाकला. "तू येत न्हाईस तर गड्या, माझा बी चहा राह्यतोय बघ. एकटीपुरता कोण ठेवतंय?" मी बोलायला तोंड उघडलं, तर दाजींनी माझ्या पदराचं टोक ओढलं. "हितं नगं," ते हळूच म्हणाले.

मावशींनी कप भरला. बशीत सांडेपर्यंत.

दाजींनी तो सगळा घेतला, बशीसकट. घरी आल्यावर काट्याकडे न बघता ते सरळ जिन्याकडे गेले आणि कठडा धरून एकेक पायरी चढू लागले. गच्ची अजून चार पायऱ्या लांब आहे. बाकीच्या घरांना सांगून झालं. मावशींना सांगायचं तेवढं राहिलंय.